गल्लीचा फ्यूज

जे वेळेवर तुटतं, त्याला तुम्ही कमकुवत का म्हणता?

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज पुन्हा उडाला. लाइनमन बाळूदादा आला, तशी सगळी गल्ली त्याच्याभोवती जमली.

“जाड तार टाक रे, कटकट मिटेल,” शेजारचे काका म्हणाले.

“आणि ट्रान्सफॉर्मर जळला की दळण काय तुमच्या दाढेत दळू?” गिरणीवाल्या सुमनमावशी पिठाच्या हातांनीच पुढे आल्या.

बाळूदादा हसला. “मावशी, गिरणी सुरू होताना जोराचा झटका बसतो. तेवढा सोसेल आणि त्यापुढे तुटेल, अशीच तार घालतोय.”

त्या बोटभर तारेची मला माया वाटली. किती सोसायचं हे तिला ठरवून दिलेलं असतं. माणसांना आपण ते सांगतच नाही. उलट मुकाट सोसणाऱ्याचे सत्कार करतो, आणि तो आतल्या आत जळून जातो.

त्या संध्याकाळी दिवे टिकले, कारण सगळ्यांच्या एसींवर आणखी गिरणीचा भार नको म्हणून मावशींनी ती बंद ठेवली. आमचे एसी मात्र चालूच होते. तुमच्याही गल्लीत अशी एखादी गिरणी असेल. आज दिवेलागणीला आपला एसी तासभर बंद ठेवा आणि तिला चालू द्या.