लंडनचं घड्याळ आणि दिग्रसचा पेंटर

दिग्रसच्या आमच्या घरात एक घड्याळ होतं. ते मिनिटभरही मागंपुढं होत नसे. फक्त मला ते वाचता येत नसे.

घड्याळ मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. तीस वर्षं ते कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात फिटर होते. कापसाचे दिवस फिरले, गावातली जिनिंगं एकेक करून बंद पडली, तशी त्यांचीही पडली. शेवटच्या दिवशी शेटजींनी ऑफिसातलं घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. बनवलेलं लंडनला, पण तुर्कस्तानात विकायला! त्यामुळे आकडे तिकडचे, जुन्या अरबी लिपीतले. पाचाच्या जागी शून्य, साताच्या जागी उलटी टोपी, आठाच्या जागी सुलटी. (शहाणा माणूस काटे बघतो म्हणे. मी आकडे बघतो. यवतमाळची एसटी माझी तीनदा चुकली.) मामाजी मात्र ते रोज सकाळी धोतराच्या सोग्यानं पुसायचे. नोकरीतलं त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं.

मामाजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी वणीला माझ्या मेव्हण्याकडे गेले. जाताना बजावून गेले, "जवाई, फक्त चावी द्या. बाकी काही करू नका."

मी नेमकं बाकीचंच केलं. जिनिंगचे बोर्ड रंगवणारा एक पेंटर गल्लीत रिकामा बसला होता. त्याला म्हटलं, आकडे मराठीत करून दे. बायको म्हणाली, "कायले हात लावता त्याले?" मी म्हटलं, मामाजी नव्या डोळ्यानं येतील, त्यांना नवं काही बघायला नको?

पेंटरनं आधी पॉलिशपेपर मारला. तुर्कस्तान गेलं, लंडन गेलं, कारागिराचं नावही गेलं. मग पांढरा ऑइलपेंट, त्यावर लालभडक आकडे, दोन बाजूंना शुभ-लाभ आणि खाली स्वतःची झोकदार सही! काटे काढायचे असतात हे त्याला ठाऊक नव्हतं. ते रंगात चिकटले. मिनिटभरही मागंपुढं न होणारं घड्याळ आता खरोखरच जागचं हलेना.

पंधरा दिवसांनी मामाजी आले. आल्या आल्या भिंतीकडे पाहिलं. काळा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मटकन खाली बसले आणि लेकीला म्हणाले,

"बाई, डॉक्टरनं माहा डोळा बिघडवला. मले घड्याळात शुभ-लाभ दिसून राह्यलं."

आणि मी गप्प बसलो! निर्लज्जासारखा गप्प बसलो. पण मामाजी पिशवी उचलून डॉक्टरला जाब विचारायला वणीची एसटी धरायला निघाले, तेव्हा मात्र बोलावंच लागलं.

मामाजींनी पिशवी खाली ठेवली. घड्याळाजवळ जाऊन तबकडीवरून बोट फिरवलं, जुनं नाव होतं तिथं थांबवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी ते म्हणाले, "म्हणजे डोळा ठीक हाय. दहा वर्षांत पयल्यांदाच मले जवाई साफ दिसून राह्यले."

आतून बायको म्हणाली, "मले त बिना ऑपरेशनचेच दिसत होते, बाबा."