हलूनकाकांचा शनी

काकांचं खरं नाव त्यांच्या दुकानाच्या पाटीवरही नव्हतं. पाटीवर नुसतं ‘फोटो स्टुडिओ’. पासपोर्टच्या फोटोपासून लग्नाच्या व्हिडिओपर्यंत समोर येईल त्याला ‘हलू नका’ म्हणून दटावण्यात त्यांचा जन्म गेला, आणि लोकांनी त्यालाच ‘काका’ जोडून त्यांचं बारसं केलं. हलूनकाका.

पण आता हलायलासुद्धा दुकानात कुणी येत नव्हतं. शेजारचा मोबाइलवाला अधूनमधून चहा घेऊन यायचा आणि म्हणायचा, “काका, फोटो आता खिशातच निघतो. गाळा मला देऊन टाका.” माणूस वाईट नव्हता, चहा पाजून बोलायचा, म्हणून तर काकांना जास्त लागायचं. त्यांनी ठरवलं, गाळा द्यायचा तर देऊ, पण त्याआधी दर्शनी काचेत असा एक फोटो लावू की तो याच्या खिशातून निघता कामा नये. त्यांनी शनी निवडला, तोही कड्यांसकट.

“लोकांच्या मागे शनी लागतो,” काकू म्हणाल्या, “आमचे हे शनीच्या मागे लागलेत.”

दुर्बीण मुलीची होती. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. दिवेलागणीनंतर गच्चीवर दुर्बिणीला कॅमेरा जोडला, स्टुलावर लॅपटॉप ठेवला आणि बापलेकीची जुंपली.

“बाबा, फोटो नाही, व्हिडिओ घ्यायचा. एक्सपोजर कमी करा, उजेड कमी पडेल म्हणून गेन वाढवा.”

“गेन वाढवला की चित्रात दाणे येतात. दाणेदार फोटो मी कधी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवला नाही.”

“येऊ देत. आणि फ्रेम शनीपुरती छोटी करा, म्हणजे सेकंदाला जास्त चित्रं मिळतील.”

“आजूबाजूला जागा नको? गुदमरल्यासारखा दिसेल.”

काकांनी अर्थातच आपलं घोडं पुढे दामटलं. फ्रेम मोठी, एक्सपोजर लांब, गेन अगदी कमी. पडद्यावर शनी छान गुळगुळीत दिसत होता. सगळं आटोपून चित्र तयार झालं तेव्हा तो उकडलेल्या बटाट्यासारखा निघाला.

“हलला तो,” काका म्हणाले.

“तो नाही हलला. मधली हवा हलते. तिला सांगून बघा हलू नका म्हणून.” मग तिला बापाची दया आली. “हवा क्षणभरच थांबते, बाबा. म्हणून झटपट हजारो चित्रं घ्यायची, थांबलेल्या क्षणांची तेवढी वेचायची आणि एकावर एक रचायची. रचली की दाणेही जातात.”

दुसऱ्या संध्याकाळी काकांनी निमूटपणे ऐकलं. इवलीशी फ्रेम, कमी एक्सपोजर, चढा गेन. पडद्यावर दाण्यांच्या गर्दीत शनी थरथरत होता. ते काकांना बघवत नव्हतं. व्हिडिओ संपला, लॅपटॉपने सगळी चित्रं चांगल्यापासून वाईटापर्यंत लावली आणि विचारलं, यातली किती टक्के घेऊ? मुलगी खाली पाणी प्यायला गेली होती. काकांनी शंभर लिहिलं.

त्याचं असं होतं की लग्नाच्या व्हिडिओत आलेल्या एकाही पाहुण्याला कापायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा नियम. एकदा त्यांनी नवऱ्या मुलाची आत्या कापली होती, कारण ती जांभई देत होती. आत्या दुकानात येऊन ठाण मांडून बसली आणि जांभईसकट परत व्हिडिओत गेली तेव्हाच उठली. तेव्हापासून काकांनी कुणाला कापलं नव्हतं.

मुलगी वर आली तेव्हा पडद्यावर दोन कान उगवलेला एक धुरकट गोळा होता.

“सगळी घेतलीत? दहातलं एक ठेवायचं असतं, बाबा.”

“बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?”

“ती हलली.”

काकांनी जड मनाने दहा लिहिलं. थोड्या वेळाने पडद्यावर शनी उमटला. कडी सुटी सुटी, मधली काळी रेघसुद्धा स्वच्छ. काकांना भरून आलं. इतक्या वर्षांत आपण काढलेल्या फोटोकडे ते असे बघत राहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याची मोठी प्रिंट काचेत लागली. मोबाइलवाला आला, त्याने खिशातून फोन काढला आणि दोनदा बोट फिरवून त्याहून झकास शनी दाखवला. “हाच ना? नेटवरून घेतलात? प्रिंट मात्र छान आलीय, काका.” जो आला तो हेच म्हणाला. काका गेन सांगायचे, एक्सपोजर सांगायचे, हवेचं सांगायचे. लोक म्हातारं माणूस म्हणून मान डोलवायचे. काका मनातून पार खचले.

मग एक दिवस, कुणावर रागावून कोण जाणे, त्यांनी तो दोन कानांचा धुरकट गोळाही शेजारी लावला.

मोबाइलवाला त्याच्यासमोर येऊन थांबला. त्याने फोन काढला, बोट फिरवत राहिला, पण इतका वाईट शनी त्याला कुठेच सापडला नाही. शेवटी त्याने फोन खिशात ठेवला.

“हा मात्र तुम्हीच काढलाय, काका,” तो म्हणाला. आवाजात आदर होता. गाळ्याचा विषय त्याने काढला नाही. “कसा काय काढलात?”

काकांनी शेजारच्या स्वच्छ शनीकडे एकदा पाहिलं आणि गोळ्यावरची धूळ बाहीने पुसली.

“एकालाही कापलं नाही,” ते म्हणाले.