बायनाबाईचा दीड कोयता

सोनपेठच्या अलीकडं, गोदाकाठच्या आमच्या गावात कुठल्याच घराचं दार पुरतं लागत नाही. त्यामुळं किशनराव सकाळी दार लोटून बायकोची वेणी घालतो, ही बातमी चहाच्या हाटेलात पोचायला कितीसा वेळ लागणार! ऊस तोडून राठ झालेली ती बोटं केसांचे पेड असे वळायची, की आत बायनाबाई ओरडायची, "आवं, केसं हायत ती, कासरा न्हाई!"

गाव हसलं. बायनाबाईला मात्र हसू येत नव्हतं. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. गेल्या ऊसतोडीच्या हंगामाच्या शेवटी मोळी डोक्यावर घेऊन ती ट्रकच्या फळीवर चढत होती. पाय घसरला, मोळी सावरायला हात वर गेला आणि खांद्यात जुनं लुगडं फाटावं तसं काहीतरी टरकलं.

शेकलं, चोळलं, अंगारा लावला. ऑपरेशनचं नाव काढलं की ती म्हणायची, "कापायचाय तो ऊस. मी न्हाई."

मग बन्सीधर मुकादमानं काडी टाकली. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा, आणि त्याला दुसरा अर्धा जोडून द्यायचा मुकादमानं. हाटेलात बशीतला चहा फुर्रकन ओढत बन्सीधर म्हणाला, "यंदा किशनरावला पार्वती जोडून टाकू."

पार्वतीबाई गल्लीतलीच. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, अंगानं दणकट, हसली की पलीकडच्या आळीतली कुत्री उठायची. हे बोलणं बायनाबाईच्या कानावर कुणी घातलं, ते मी सांगणार नाही. मला गावात राहायचंय. त्याच सांजेला ती नवऱ्याला म्हणाली, "मला नांदेडला न्या."

तिथल्या एका दवाखान्यात डॉक्टरीणबाई, अर्पिता नाव, तिनं समजावून सांगितलं. "मांस हाडाला बांधणारी दोरी असते, कंडरा. तुमची तुटलीय, ती शिवू. पण जुनी फाटलेली पुन्हा उसवते. म्हणून तुमच्याच कमरेच्या हाडातली मज्जा काढून, तिच्यातल्या मूळ पेशी त्या शिवणीवर सोडायच्या. त्यांनी वीण चांगली धरते असं दिसतंय. पण खात्री देणार नाही मी. अभ्यास चालू आहे अजून."

"दुसऱ्याचं काई घालणार न्हाई ना?"

"सगळं तुमचंच."

"मग काढा. कंबर लय हाय मला."

ऑपरेशन करून ती परतली आणि गावाला नवं खाद्य मिळालं. "कमरेचं खांद्यात घातलंय, आता बायनाचा खांदा लचकत चालंल!" हात झोळीत. पाणी भरायचं कुणी? पार्वतीबाई आपणहून भरायची. एक दिवस किशनरावानं पार्वतीच्या डोक्यावरची घागर उतरून घेतली. एवढंच. पण ते दारातून पाहिलं आणि बायनाबाईनं झोळीतून हात काढून दुसरी घागर स्वतः उचलली. पुढच्या क्षणी ती भिंतीला टेकून खाली बसली.

पुन्हा नांदेड. "शिवण थोडक्यात वाचली," डॉक्टरीणबाई कडाडली. "परत असं केलंत तर माझ्याकडं येऊ नका."

येताना एसटीत, गाव जवळ आल्यावर बायनाबाई म्हणाली, "राग पार्वतीचा अन् खांदा माझा. हे काई खरं न्हाई."

मग ती भिंतीच्या मागं लागली. बोटं भिंतीवर चालवत हात वर न्यायचा, हाच व्यायाम. जिथवर हात जाईल तिथं ती कुंकवाची टिकली लावायची. घाम फुटायचा, डोळ्यांत पाणी यायचं, हात काही खाली यायचा नाही. "बायना भिंतीवर चढायलीय. करणीबिरणी तर न्हाई?" शेजारीण कुजबुजली. पार्वतीबाई मात्र घागर ठेवून तिथंच बसायची.

"वहिनी, कालच्यापेक्षा खालीच हाय की आज!"

"थांब, उद्या तुझ्या टाळूवर लावते."

दुसऱ्या दिवशी टिकली वर गेलेली असायची. आता मूळ पेशींनी किती केलं आणि पार्वतीच्या टोमण्यांनी किती, हे डॉक्टरीणबाईलाही सांगता यायचं नाही.

दसरा सरला. ट्रक मारुतीच्या पारापाशी लागला. बन्सीधर ट्रकच्या पायरीवर उभा. "वहिनी, हात डोक्यावर गेला तरच कोयता. न्हाई तर मी बोललोय तसं."

"कुणाच्या डोक्यावर?" म्हणत बायनाबाई पुढं झाली. उजवा हात सावकाश वर गेला, तिच्या डोक्याच्याही वर, आणि पायरीवरच्या बन्सीधरची टोपी घेऊन खाली आला. अख्खा पार हसून लोटपोट.

"आता ऐका. ओझ्याला सालभर बंदी हाय. ह्यांनी ऊस तोडायचा, मी मोळ्या बांधायच्या, पार्वतीनं वाहायच्या. दीड कोयता धरा."

टोपी मागून घेत बन्सीधर पुटपुटला, "मग पार्वती कुणाचा अर्धा?"

"माझा!"

ट्रक हलला. भांड्याकुंड्यांच्या मधोमध दोघी ऐसपैस बसलेल्या, किशनराव कोपऱ्यात ज्वारीच्या पोत्याला टेकून. बायनाबाईनं त्या दिवशी अंबाडा स्वतःच घातला होता. किशनरावानं सवयीनं हात पुढं केला, "अगं, वाकडा झालाय."

तिनं फटकन त्याच्या हातावर चापट मारली. उजव्या हातानं.