सात मिनिटं पुढचं घड्याळ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी टॉवरच्या नानांचं नाव घेतो. आईवडिलांचं नाव त्यानंतर येतं, आणि हे आईलाही ठाऊक आहे. नाव म्हणजे 'नाना' एवढंच. दुसऱ्या नावाने त्यांना हाक मारलेली मी गावात कधी ऐकली नाही.

पारोळ्याहून अर्ध्या तासावर आमचं गाव. बाजारपेठेच्या मध्यावर दगडी टॉवर, त्याला चार दिशांना चार तबकड्या, त्यातली एक एस.टी. स्टँडकडे तोंड केलेली. या घड्याळाला चावी द्यायचं काम नगरपालिकेने नानांना दिलं होतं. रविवारी आणि गुरुवारी सकाळी ते वर चढायचे. चावी म्हणजे हातभर लांबीचं लोखंडी हँडल. ते फिरवून दोन वजनं वर ओढायची, एक चालीचं, एक ठोक्यांचं. चुकून एक वार गेला तर वजन खाली टेकतं आणि घड्याळ थांबतं. नानांच्या हातून असा वार कधी गेला नाही. सुनेच्या बाळंतपणात नाही, स्वतःला ताप असताना नाही.

माझे वडील पिठाची गिरणी चालवायचे आणि आम्ही गिरणीच्या मागच्या खोलीत राहायचो. सकाळपासून पट्टा फिरायचा, भिंती थरथरायच्या, वहीवर पीठ साचायचं. मी अकरावीत होतो, कानात कापूस घालून वाचायचो. नाना आठवड्याचं कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, दळण घेऊन आले होते. मला बघून त्यांनी वडिलांना विचारलं,

"याना कानमा कापूस कसाले?"

"अभ्यास करतो म्हणे," वडील म्हणाले. "याच आवाजात झोप लागते त्याला. पुस्तक धरलं की आवाज बोचतो."

"मनाकडे धाडी दे. घड्याय बी आवाज करस, पन येकच आवाज करस."

दुसऱ्या दिवसापासून घड्याळाच्या खालच्या माळ्यावरची खोली माझी झाली. एक खिडकी, एक बाकडं, कोपऱ्यात तेलाचा डबा, आणि मधून लंबकाचा लांब दांडा हलत राहायचा. नानांची अट एकच होती, ठोके पडेपर्यंत बाकड्यावरून उठायचं नाही. पहिल्या आठवड्यात दर ठोक्याला दचकायचो. नंतर ठोका पडून गेल्यावरही कळेनासं झालं. अकरावी, बारावी आणि धुळ्यात देवपूरच्या कॉलेजची तीन वर्षं, अशी पाच वर्षं मी त्या बाकड्यावर काढली. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. पदवीचा कागद मी आधी नानांना दाखवला. त्यांनी तो वाचला नाही. तेलाचे हात धोतराला पुसले आणि कडेकडेने धरून खिडकीच्या उजेडात बघितला.

घड्याळाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. नाना ते घड्याळ सात मिनिटं पुढे ठेवायचे. मुद्दाम. आसपासच्या खेड्यांतून बाजाराला आलेला माणूस टॉवरकडे बघायचा, घाबरून पिशव्या उचलायचा आणि धुळ्याच्या गाडीला बरोबर पोचायचा. गावातल्या माणसांना ही सात मिनिटं ठाऊक होती. ती मनातल्या मनात वजा करायची आणि तरीही पावलं उचलायची. शेवटच्या वर्षाच्या एका पेपरला मीही असाच धावलो होतो. त्या सात मिनिटांतलं सहावं मिनिट चालू असताना मी गाडीत चढलो. सातवं संपलं तेव्हा गाडी स्टँडबाहेर पडली होती.

सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला मात्र घड्याळ अचूक असायचं. झेंडावंदन वेळेवर झालं पाहिजे म्हणून नाना पहाटे लंबक हाताने धरून सात मिनिटं उभे राहायचे. काटे मागे फिरवायचे नसतात, थांबून राहायचं असतं, असं ते सांगायचे. झेंडावंदन झालं की काटे पुन्हा सात मिनिटं पुढे सरकवायचे.

आता माझं. नोकरी नगरपालिकेची, तिच्यात बदल्या. वीस वर्षं इकडून तिकडे फिरून दोन वर्षांपूर्वी मी आमच्याच गावच्या कार्यालयात आलो. मुलांच्या शाळेमुळे घर जळगावला ठेवलं आणि रोज अप-डाउन सुरू झालं. सकाळी साडेसातला निघायचं, संध्याकाळी साडेसातला घरी. मे महिन्यात एस.टी.ची खिडकी उघडली तर गरम वारा, बंद केली तर भट्टी. शनिवारी संध्याकाळी मला कोणी काही विचारू नये असं वाटतं. ही तक्रार नाही. ज्या नोकरीसाठी पाच वर्षं बाकड्यावर बसलो ती हीच. पण अंगातली धार गेली आहे, हे खरं.

गावातल्या तरुण पोरांनी मोबाइलवरच्या गटात घड्याळाची चेष्टा सुरू केली होती. 'आपलं गाव सात मिनिटं पुढे आणि वीस वर्षं मागे.' चहाच्या टपरीवर मलाही ऐकवायचे, "साहेब, तुमच्या टॉवरला एकदा मोबाइल घेऊन द्या." शेवटी सभेत विजेवर चालणारं, आपोआप वेळ लावून घेणारं नवं घड्याळ बसवायचं ठरलं. जुनं काढायचं तर त्याचं निर्लेखन करावं लागतं, म्हणजे वस्तू निकामी झाली असं कागदावर आणून ती दप्तरातून काढायची. त्याची टिप्पणी माझ्या टेबलावर आली.

दुपारचे साडेतीन वाजले होते. लाइट गेली होती. आदल्या वर्षी एका पाण्याच्या पंपाच्या निर्लेखनाची टिप्पणी मीच केली होती, ती समोर घेतली आणि पंपाच्या जागी घड्याळ लिहिलं. 'सदर घड्याळ जुने व नादुरुस्त झाले असून वापरण्यास अयोग्य आहे.' खाली सही केली. त्याच वेळी माझ्या खिडकीतून टॉवर दिसत होता आणि घड्याळ चालू होतं. मी मान वर केली नाही. साडेपाचची गाडी गाठायची होती.

टिप्पणी मंजूर झाली. नानांना चावी जमा करायचा निरोप गेला. सोमवारी सकाळी ते आले. पंच्याहत्तरी ओलांडलेले, स्वच्छ धोतर, टोपी, काखेत फडक्यात गुंडाळलेली चावी. मी उठून खुर्ची दिली. शिपायाने चावीची पोच त्यांच्यापुढे ठेवली. पोचही मीच तयार केलेली, टिप्पणीतलं वाक्य उचलून. नानांनी चष्मा लावला. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, बोट ठेवून वाचतो. एका शब्दावर बोट थांबलं.

"नादुरुस्त," ते स्वतःशीच म्हणाले. "हाई काय लिखेल शे?"

"नाना, तसा नमुनाच असतो," शिपाई म्हणाला. "करा सही."

नानांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याशी जन्मभर ते खानदेशीतच बोलले होते. त्या दिवशी शुद्ध मराठीत बोलले.

"साहेब, हे कोणी लिहिलं?"

साहेब. मी म्हणालो, "बघतो मी, नाना."

"बघा. इतक्या वर्षांत एक दिवस बंद पडलं नाही. पुढे असायचं ते मी ठेवलं म्हणून. तुम्हाला ठाऊक आहे."

"हो."

"नवीन बसवा, माझं काही म्हणणं नाही. हात भरून येतो आता. पण या शब्दाखाली मी सही करणार नाही."

चावी टेबलावर ठेवून ते गेले. पोच तशीच कोरी राहिली. शिपाई म्हणाला, "म्हातारं माणूस, येईल दोन दिवसांत." तो गेल्यावर मी टिप्पणी काढून माझी सही बघत बसलो. 'मी लिहिलं' हे दोन शब्द होते. तेवढे तोंडातून निघाले नव्हते.

चावी माझ्या टेबलावर आहे याचा अर्थ मला बुधवारी परतीच्या गाडीत कळला. गुरुवार आला होता आणि चावी द्यायला कोणी जाणार नव्हतं. वजन खाली टेकणार, घड्याळ थांबणार. नवं घड्याळ यायला अजून महिने होते. तोवर सगळं गाव येता-जाता बंद पडलेले काटे बघणार आणि मी लिहिलेला शब्द खरा होणार. नाना रोज संध्याकाळी टॉवरसमोरच्या पारावर बसतात.

गुरुवारी मी जळगावहून पहिली गाडी धरली. टॉवरच्या कुलपाची किल्ली कार्यालयातच असते. जिना चढताना दोनदा थांबलो. माझ्या जुन्या खोलीत सगळं जिथल्या तिथे होतं, बाकडं, तेलाचा डबा, डब्यावर घडी घातलेलं फडकं. चालीच्या वजनाला साठ फेरे आणि ठोक्यांच्या वजनाला नव्वद, हे मला पाठ होतं, कारण नाना मोठ्याने मोजायचे. प्रत्यक्ष फिरवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. तिसाव्या फेऱ्याला खांदा पेटला. पंचेचाळीसला मी बाकड्यावर बसलो. नव्वद मोजताना मध्येच चुकलो, म्हणून दहा जास्त फिरवले. खाली उतरून खुर्चीत बसलो तर पेन धरता येईना.

शुक्रवारी दुरुस्त टिप्पणी घेऊन मुख्याधिकारी साहेबांकडे गेलो.

"एका शब्दासाठी परत टिप्पणी?"

"साहेब, तो शब्द खोटा आहे. घड्याळ चालू आहे. मी पंपाचं वाक्य उचललं."

"चालू वस्तूचं निर्लेखन होत नाही, हे तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला?"

"म्हणून निर्लेखन नको. 'चालू स्थितीत असून, नवीन बसविण्यात येत असल्याने काढून जतन करावे', असं लिहिलं आहे."

त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "तुमची चूक तुमच्याच हस्ताक्षरात दप्तरी राहील."

"राहू द्या, साहेब."

त्यांनी सही केली.

त्याच संध्याकाळी नानांच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलोही. मग गाडीची वेळ झाली असं स्वतःला सांगून परत फिरलो. वास्तविक गाडीला पंचवीस मिनिटं होती. स्टँडवरच्या बाकावर बसून पत्र लिहिलं आणि तिथल्याच पोस्टात टाकलं. उद्या पोचेल, असं पोस्टमन म्हणाला.

नवं घड्याळ दिवाळीनंतर बसलं. ते अचूक आहे. पहिले काही दिवस धुळ्याच्या गाडीमागे पिशव्या घेऊन पळणारी माणसं मी खिडकीतून बघितली. आता तीही सरावली. जुनं यंत्र तेल लावून टॉवरच्या खालच्या खोलीत ठेवलं आहे.

त्या पत्राचा कच्चा खर्डा माझ्या बॅगेत राहिला होता. तोच खाली देतो.

ती. नानांना शि.सा.न.वि.वि.

माझं अक्षर तुम्हाला लागणार नाही, म्हणून हे पत्र सूनबाई वाचून दाखवतील. त्यांच्यापुढे आणि नातवंडांपुढे हे ऐकावं लागणार, तर ऐका. 'नादुरुस्त' हा शब्द मी लिहिला. दुसऱ्या कोणी नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मला ठाऊक होतं आणि मी 'बघतो' म्हणालो. एका पंपाच्या कागदावरचं वाक्य उतरवलं. खिडकीतून घड्याळ दिसत होतं, तरी वर बघितलं नाही. थकलो होतो. पण तुम्हीही थकत होतात आणि वर चढत होतात, म्हणून हे कारण मी सांगणार नाही.

आज नवीन टिप्पणी मंजूर झाली. त्यात घड्याळ चालू स्थितीत आहे असं लिहिलं आहे. सात मिनिटं पुढे आहे ते लोकांची गाडी चुकू नये म्हणून मुद्दाम ठेवलेलं, हेही लिहिलं. दुसरी पोच केली आहे. त्यात तो शब्द नाही. सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा.

नवीन घड्याळ बसणारच, ते मला थांबवता आलं नाही.

काल गुरुवार होता. चावी मी दिली. चालीचे साठ बरोबर झाले. ठोक्यांचे मोजताना चुकलो, बहुतेक शंभर झाले असावेत. त्याने काही बिघडतं का, ते सांगा. उजवा हात आज खांद्याच्या वर जात नाही. तुमचा कसा जात होता कोण जाणे.

परवा रविवार. सुट्टी आहे, तरी मी जळगावहून येतो. तुमच्या घरी यायचं धाडस नाही, म्हणून टॉवरच्या पायरीवर थांबेन. चावी मी फिरवतो, तुम्ही फक्त मोजा. सकाळी आठला, आपल्या घड्याळातल्या आठला.

आणि मला साहेब म्हणू नका.

आपला,
बाकड्यावरचा