वामनरावांनी परत पाठवलेल्या तुळया

वामनरावांची आणि माझी ओळख त्यांच्या हडपसरच्या वर्कशॉपमध्ये झाली. मी वाशीमहून काम शोधत आलो होतो. रंधा मशीन चालू होते आणि मी वाकून आत पाहू लागलो. त्यांनी आधी बटण बंद केले. मग म्हणाले, "अहो, आत काय सिनेमा चाललाय?" नाव नंतर विचारले.

पुढे बरीच वर्षे मी त्यांच्या हाताखाली काढली. पाती बदलायची असली की ते आधी प्लग काढून समोर ठेवत. आलेले लाकूड सुकेपर्यंत थप्पीत राही. मग वाकलेली बाजू हातरंध्याने सपाट करायची, लोहचुंबक फिरवून खिळे शोधायचे, आणि मशीनवर एका वेळी पातळच थर काढायचा. आखूड तुकडा ते आत घालू देत नसत. फळीच्या रेषेत कुणी उभा राहिला तर हाताला धरून बाजूला करत. मला कावीळ झाली तेव्हा पथ्याचा डबा त्यांच्या घरून येत असे, आणि तो घेऊन वामनराव स्वतः येत.

मग आयटी कंपन्या आल्या. एका कंपनीला जुन्या सागवानाची टेबले हवी होती. पाडलेल्या घराच्या तुळया घेऊन ठेकेदार आला.

"काका, सोमवारी उद्घाटन आहे. डायरेक्ट मशीनला लावा ना."

"यात खिळे आहेत. ते काढायला वेळ लागेल. घाई असेल तर दुसरीकडे न्या."

त्याने त्या दुसरीकडे नेल्या. तिथे मशीनवर सुभाष होता. वामनरावांचा सर्वांत लाडका शिष्य, जास्त पगारासाठी गेलेला. मालकाने घाई केली, सुभाषला नाही म्हणता आले नाही. खिळ्यावर पाते फुटले आणि त्याचा उजवा डोळा गेला.

दवाखान्याच्या जिन्यात वामनराव बसून होते. "मी नको म्हटलं, म्हणून ते लाकूड त्याच्याकडे गेलं," एवढेच बोलले. आम्ही परोपरीने समजावले. त्यांना ते पटले नाही, आजही पटलेले नाही. सुभाषला त्यांनी पॉलिशच्या कामावर परत घेतले, पण स्वतः पुन्हा मशीनसमोर उभे राहिले नाहीत. तयार फर्निचरचे दिवस आले, वर्कशॉप बंद पडले, जागेवर इमारत झाली. त्यांनी तिकडे वळूनही पाहिले नाही.

आता ते कोथरूडला मुलीकडे असतात. पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाविषयी सांगायला गेलो, तर म्हणाले, "गौरव कसला? सुभाषला विचारलंत का?"

विचारले. सुभाष म्हणाला, "जरूर लिहा. माझ्यामुळे माझे गुरू खचले, हेही लिहा."

दोघांचेही म्हणणे इथे जसेच्या तसे उतरवले आहे.

वामनरावांना उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर लाभो. आणि त्या आयुष्यात एखादी तरी सकाळ अशी उजाडो, की डोळे उघडताच त्यांना त्या तुळया आठवणार नाहीत.