वाडीवरचा बल्ब
काल वीज गेली म्हणून कपाटातला जुना कंदील काढला, आणि रॉकेलच्या वासासरशी कार्ल्याच्या डोंगरावरची ती वाडी आठवली. सत्तरनंतरची वर्षं होती. मी मुंबईत कॉम्प्युटरला भोकं पाडलेली कार्डं भरवत होतो, आणि वडिलांनी गावभर सांगून ठेवलं होतं की पोरगा सूर्य बनवून वीज काढणार आहे. सुट्टीत गावी आलो तसे आमच्या भातलावणीला येणारे एक आबा मला वाडीवर घेऊन गेले. देवळाच्या आढ्याला सुतळीने नवाकोरा बल्ब टांगला होता, त्याला हळदकुंकू लावलं होतं, वायर मात्र कुठेच नव्हती. माझ्या हातात नारळ देऊन आबांनी विचारलं, "दादा, कवा लागंल ह्यो?" मी सांगितलं, की स्टेलरेटर नावाच्या यंत्राच्या पिळदार चुंबकी कड्यात सूर्यासारखा तापलेला वायू कोंडतात, त्यात बारीक लहरी उठून खळबळ माजते आणि उष्णता निसटते, ती कशी निसटते याचं आम्ही नुसतं गणित करतो, यंत्र आमच्याकडे नाहीच. एक म्हातारी म्हणाली, "असू द्या. गनित झालं की लागंल." मी नारळ परत देऊ लागलो, तो मात्र कोणी घेईना. अंधारून आलं, तसे आबा कंदील घेऊन मला सडकेपर्यंत सोडायला आले. तिथून वर पाहिलं, तर वाडी कुठे आहे तेच दिसेना. "कोणी दिवे लावले नाहीत का?" मी विचारलं. "वाडीचा दिवा ह्यो हितं हाय न्हवं," आबा कंदील जरा वर धरून म्हणाले. ते गणित अजूनही पुरतं सुटलेलं नाही. काल वीज परत येईपर्यंत मी कंदील न पेटवताच बसून राहिलो.