फुगलेला मासा आणि गुलाबी वाट्या

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुरुषाने घरात थांबायचे नसते, हे मला माहीत होते. दरवर्षी त्या दुपारी मी गारखेड्याच्या चौकात एका ओळखीच्या दुकानात जाऊन बसतो आणि दिवेलागणीला परततो. गेल्या संक्रांतीला मात्र मी आतल्या खोलीत दार लोटून बसलो. कारण मला वाट्यांची काळजी होती.

वाट्या प्लास्टिकच्या होत्या, गुलाबी, कडेला नक्षी असलेल्या. त्या मी आणल्या होत्या. बायकांच्या वाणाच्या वाट्या घरातल्या पुरुषाने का आणाव्यात, हे सांगायचे तर आधी समुद्रापासून सुरुवात करावी लागेल.

माझी बायको वैजापूरकडची. विहीर, पाट आणि पावसाळ्यात भरणारा गावचा ओढा, एवढेच पाणी तिने लहानपणी पाहिलेले. काही वर्षांपूर्वी आम्ही कोकणात सहलीला गेलो. परतायच्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर एक मोठे कासव मरून पडले होते. मानेभोवती नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा रुतलेला. ती त्याच्याजवळ उकिडवी बसली. मी घड्याळ दाखवले, बस सुटेल म्हणालो. ती उठली. बसमध्ये घाट संपेपर्यंत खिडकीतून मागे पाहत होती.

मुलगी नोकरीला पुण्याला गेली तेव्हा तिचे रंग घरीच राहिले. बायकोने ते काढले आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर चित्रे काढू लागली. पहिले चित्र त्या कासवाचे. पण हात वळला तो लहानपणापासून पाहिलेल्या देवळातल्या, गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाकडे. तिने तसेच काढले, मान आणि पाय पाठीखाली ओढून घेतलेले. व्हिडिओ कॉलवर मुलगी म्हणाली, “आई, समुद्रातल्या कासवाला मान आत घेता येत नाही.”

“मग ते लपतं कसं?”

“लपत नाही. पळतं फक्त.”

त्या संध्याकाळी तिने ते कासव पुन्हा काढले, मान बाहेर, पाय वल्ह्यासारखे. नंतर ऑक्टोपस आले, जेलीफिश आले, रिकाम्या शंखाऐवजी बाटलीच्या झाकणात राहणारा खेकडा आला. माहिती मुलगी पाठवायची, चित्र बायको काढायची. कोणत्या दिवशी कोणते जनावर निघेल ते सांगता येत नसे. मुलगी सुट्टी संपवून गेली की जेलीफिश निघायचे, एकटे, मोठ्या निळ्या कागदावर. एवढे माझ्याही लक्षात आले होते. बाकीच्यांचा अर्थ मी विचारला नाही. मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आलेला माल, गेलेला माल, शिल्लक. ज्याची नोंद करता येत नाही त्याबद्दल विचारायची मला सवय नाही.

घरातही तिचे नियम सुरू झाले. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही, पिशवीलाच लटकता ठेवायचा, नाहीतर तो चिमुकला तुकडा थेट गटारात जातो. मी विसरायचो. ती कचऱ्यातून तुकडा शोधून काढायची आणि माझ्यासमोर ओट्यावर ठेवायची.

मग संक्रांत आली. वाण म्हणून आमच्याकडे काय काय येते ते ज्याच्या घरी माळा आहे त्याला सांगायला नको. साबणदाण्या, चाळण्या, डब्या, कंगवे. आमच्या माळ्यावर दोन पोती भरली होती आणि त्यातली एकही वस्तू वापरात नव्हती. बायको म्हणाली, “यंदा प्लास्टिक नाय लुटायचं.” कुंभाराकडून तिने मातीची बोळकी आणली आणि महिनाभर एकेका बोळक्यावर एकेक जनावर रंगवत बसली.

मला लाज वाटू लागली. खरे सांगायचे तर चित्रांची नाही, गल्लीची. सुवासिनीला हळदीकुंकवात आठ हातांचे जनावर द्यायचे? लोक म्हणतील, यांना वाटी परवडत नाही. मी तिला तसे म्हणालोही, आणि जरा मोठ्याने म्हणालो. तिने ब्रश धुऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मी बाजारातून वाट्या घेऊन आलो.

“बोळक्यासोबत एक-एक दे. कुणी नाव ठेवायला नको.”

तिने वाट्यांच्या चळतीकडे पाहिले. “आणल्यात तर राहू द्या,” म्हणाली.

ती त्या खरेच देते की माळ्यावर टाकते, हे पाहायला मी हळदीकुंकवाला घरात थांबलो. दाराच्या फटीतून दिसत फारसे नव्हते, ऐकू सगळे येत होते.

पहिल्या आल्या त्या शेजारच्या वहिनी. त्यांचा आवाज चार घरांना पुरतो.

“अगं बाई, हे काय म्हणायचं? कोळी?”

“ऑक्टोपस हाय. आठ हात असतात.”

“आठ? मग हे मलाच दे. मला दोन पुरंनात.”

सगळ्या हसल्या. मी वाट पाहत होतो तसे ते हसणे नव्हते. मग बोळक्यांची ओढाओढ सुरू झाली. मला कासव, मला तो तारा, तिला काहून दोन? कुणी विचारले, हे पारदर्शक काय आहे, आणि बायकोने सांगितले की हे जेलीफिश, कासवाचे खाणे, आणि पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला अशीच दिसते, म्हणून ते ती खाते. मग वहिनींनी आणखी एक बोळके उचलले असावे.

“आणि ह्यो मासा काहून असा फुगलाय?”

“घाबरलाय,” बायको म्हणाली. “घाबरला की पाणी पिऊन फुगतो. समोरच्याला वाटतं लई रागावलाय.”

“म्हंजे नळाच्या आदल्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज येतो, तो ह्योच की!”

त्या दिवशी आमच्या घरात जेवढे हसणे झाले तेवढे मुलीच्या बारशालाही झाले नसेल. माझे कान तापले. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते. हौदाला मी आतून रंगाच्या रेघा मारल्या आहेत, लाल रेघेच्या खाली पाणी गेले की माझा आवाज चढतो. तो भिंतीपलीकडे जातो हे मला ठाऊक नव्हते.

बायको हसली नाही. हसणे ओसरल्यावर म्हणाली, “नाय हो, त्यांना भ्या वाटतं. लहानपणी लई पाणी वाहिलंय त्यांनी. खांद्याला घट्टे पडले होते.”

हे मी तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी कधीतरी सांगितले होते. हसत होत्या तोपर्यंत मी खुर्चीत ताठ बसून होतो. त्या गप्प झाल्या तेव्हा मला तोंड कुठे लपवावे कळेना. वहिनी म्हणाल्या, “हेच दे मला.” बायको म्हणाली, “तो नाय द्यायचा. तो घरातला हाय.”

एवढ्यावर भागले असते. पण कुणाला तरी वाट्या दिसल्या.

“आणि ह्या गं?”

“त्या त्यांनी आणल्यात.”

“भाऊजींनी? वाण?” वहिनींचा आवाज दाराच्या दिशेने वळला. “चपला तर दारातच हायेत! ओ भाऊजी, आत बसलात व्हय? या की भाईर! हळदीकुंकू लावते, ओटी भरते तुमची!”

मी खोकलोसुद्धा नाही. शेवटची बाई जाईपर्यंत तसाच बसून राहिलो. बोळकी सगळी गेली, एक सोडून. वाट्याही सगळ्या गेल्या. हातात ठेवलेले वाण कुणी नाकारत नाही, तेवढा माझा अंदाज बरोबर होता.

होळीच्या आसपास, सकाळी कामावर निघालो असताना गल्लीच्या टोकाच्या नाल्यात मला दोन गुलाबी ठिपके दिसले. मी गाडी थांबवली. माझ्याच वाट्या. एक झुडपाला अडकली होती, दुसरी काळ्या पाण्यात हळूहळू फिरत होती. कुणाच्या घरातून आल्या हे शोधायचा मला काय अधिकार? त्या गल्लीत आल्या होत्या माझ्या हातून. मी कारखान्याचा गणवेश घालून, पँट वर दुमडून उतारावरून खाली उतरलो. अडकलेली हाताला लागली. दुसरीला काठीने ओढायला गेलो, तर ती डुलत रस्त्याच्या पुलाखाली गेली. पलीकडे जाऊन पाहिले. तिथे प्लास्टिक एवढे होते की त्यात ती ओळखू आली नाही.

वर पाहिले तर वहिनी दुधाची पिशवी घेऊन उभ्या.

“भाऊजी, वाण परत घ्यायला निघालात व्हय?”

त्यांनी हे हसून विचारले होते. मी बरबटलेल्या पायांनी वर चढलो, वाटी डिकीत टाकली आणि गाडी वळवली.

घरी परत आलो. बायको मागच्या दारी पत्रिकेवर काहीतरी रंगवत होती, फुगलेल्या माशाच्या बोळक्यात ब्रश उभे होते. मी वाटी तिच्यासमोर, ती दुधाच्या पिशवीचा तुकडा माझ्यासमोर ठेवायची तशी ठेवली.

“दोन होत्या. एक पुलाखाली गेली.”

ती वाटीकडे पाहत राहिली. मला काहीतरी बोलणे भाग होते. मी म्हणालो, नाला पुढे नदीला मिळतो, नदी गोदावरीला. वाटेत बंधारे आहेत, धरणे आहेत. समुद्रापर्यंत जायची नाही, कुठेतरी अडेल.

“धरणाची दारं उघडतात की,” ती म्हणाली, आणि माझे पाय धुवायला हौदातून तांब्या भरून आणला.